'ऑक्सिजनवर ठेवलंय' म्हणजे नेमकं काय? बाळाचे पीआयसीयूतले (लहान मुलांच्या आयसीयूतले) सहा दिवस

निळी_छत्री (धागाकर्ती)

"बाळाला ऑक्सिजनवर घ्यावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा नवऱ्याने आधी भिंत धरली. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या घरात हे वाक्य एकदा ऐकलं होतं, सासऱ्यांच्या वेळी. आठ दिवसांनी काय झालं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आमच्याकडे 'ऑक्सिजन' या शब्दाला एकच अर्थ उरला होता. त्या रात्री मला कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर निम्मी भीती कमी झाली असती, म्हणून हा धागा काढते आहे. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

चिरंजीव पाच महिन्यांचे, वजन साडेसहा किलो. मोठी बालवाडीतून सर्दी घेऊन आली आणि तीन दिवसांनी याचं नाक वाहायला लागलं. आधी नुसता खोकला. मग दूध पिताना दोन घोट घेऊन सोडायचा, परत लागायचा, परत सोडायचा. चौथ्या दिवशी पोट उडायला लागलं. सासूबाईंनी ओव्याची धुरी दिली, मी विरोध केला नाही. (आता स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा मलाही वाटलं की कफ सुटेल.) गावातल्या डॉक्टरांकडे दोनदा नेब्युलायझेशन झालं, फरक नाही. पहाटे बघते तर नाकपुड्या फुगताहेत, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय आणि तोंडातून बारीक 'हं... हं...' असा आवाज येतोय. इचलकरंजीहून कोल्हापूर गाठेपर्यंत मी फक्त तो आवाज ऐकत होते.

तिथे बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारी लाल दिव्याची पट्टी लावली. ८६ टक्के. श्वास मिनिटाला ७२. निदान ब्रॉंकिओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज.

मला वाटलं होतं मास्क लावतील. तसं झालं नाही. नाकाच्या खाली दोन मऊ, आखूड नळ्या आल्या, दोन्ही गालांवर चिकटपट्टी, आणि मागे एक जाड, कोमट पाइप. पाइप एका यंत्राला जोडलेला, त्यावर उलटी टांगलेली पाण्याची पिशवी. स्क्रीनवर ३७ अंश, १३ लिटर, ५० टक्के असे आकडे. सिस्टर म्हणाल्या, "हाय फ्लो आहे, घाबरू नका, व्हेंटिलेटर नाही." त्याच दमात एका कागदावर सही घेतली, त्यावर लिहिलेलं की गरज पडल्यास व्हेंटिलेटरवर घेण्यास संमती. घाबरू नका आणि सही करा, दोन्ही एकाच मिनिटात!

दीड तासाने श्वास ७२ वरून ५६ वर आला. तो 'हं' थांबला. मी पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकली.

पुढचं सावकाश लिहिते. कुणाचे असे अनुभव असतील तर जरूर सांगा.

गोधडी

बापरे. वाचतेय. आता बाळ कसं आहे ते आधी सांग बाई!

निळी_छत्री

घरी आहे गं. आत्ता मांडीवर झोपलाय, म्हणून एका हाताने टाइप करतेय.

रात्रपाळी

धागा काढलात ते फार बरं केलंत. मी बालरोग विभागात रेसिडेंट आहे, सरकारी रुग्णालयात. आईवडिलांना हे समजावायला आमच्याकडे सरासरी दीड मिनिट असतं, आणि ते दीड मिनिट त्यांच्या कानात काहीच न शिरण्याचं असतं. इथे जरा ऐसपैस लिहितो.

आधी तो 'हं'. आम्ही त्याला ग्रंटिंग म्हणतो, आपल्याकडे आया कण्हणं म्हणतात. बाळ श्वास सोडताना घशाचं दार अर्धवट मिटून घेतं, म्हणजे छातीत थोडी हवा दाबाखाली राहते आणि फुप्फुसातले फुगे पूर्ण मिटत नाहीत. एकदा मिटलेला फुगा पुन्हा फुगवायला जास्त जोर लागतो (फुगेवाल्याला विचारा, पहिली फुंकर सगळ्यात जड). म्हणजे कण्हणारं बाळ स्वतःच्या घशाने स्वतःवर उपचार करत असतं. सान फ्रान्सिस्कोचे जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली हेच काम बाहेरून करून दाखवलं. कमी दिवसांच्या, फुप्फुसं नीट तयार न झाल्याने श्वास लागलेल्या २० बाळांना त्यांनी श्वासमार्गात सतत थोडा दाब दिला आणि त्यातली १६ जगली. तोच सीपॅप. ८ वर्षं आधी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने जन्मानंतर ३९ तासांत गेला होता. पैसा, सत्ता, बोस्टनचे डॉक्टर, सगळं हाताशी असूनही त्याला देण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

आता हाय फ्लो. नाकाला लावायच्या साध्या प्रॉंग्जमधून (आखूड नळ्यांमधून) तान्ह्या बाळाला आपण मिनिटाला १-२ लिटर ऑक्सिजन देतो. कोरडा, गार. त्याहून जास्त सोडला तर नाक सुकतं, रक्त येतं, बाळ रडतं. हाय फ्लोमध्ये हवा आणि ऑक्सिजन मिसळून, ३७ अंशांना गरम करून, वाफेने पूर्ण भिजवून दिला जातो, म्हणून नाकाला जास्त वारा सोसवतो. लहान बाळात किलोमागे मिनिटाला २ लिटर. साडेसहा किलोला १३, तुमच्या स्क्रीनवर होता तोच आकडा.

एवढ्या वाऱ्याने होतं काय? श्वास सोडल्यावर वापरलेली हवा नाकाघशात साठून राहते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत जाते. मोठ्या माणसाला ते परवडतं, तान्ह्याचा श्वासच वाटीभर, त्यात ही शिळी हवा बराच हिस्सा खाते. सतत वाहता वारा ती धुऊन काढतो, म्हणून प्रत्येक श्वास ताजा मिळतो. शिवाय थोडा दाबही तयार होतो, पण तो किती होईल ते नळीची जाडी, बाळाचं तोंड उघडं आहे की मिटलेलं, यावर ठरतं. सीपॅपसारखा नेमका नाही. नळीने नाकपुडी साधारण निम्मीच भरायची असते, बाकीच्या फटीतून हवा बाहेर पडली पाहिजे. बरेच पालक "नळी सैल आहे हो" म्हणत ती आत खुपसतात. नका करू.

५० टक्के हा आकडा वेगळा. तो ऑक्सिजनचं प्रमाण. वारा किती आणि ऑक्सिजन किती ही दोन वेगवेगळी बटणं आहेत. बाळ सुधारलं की आधी सहसा टक्के उतरवतात.

तिरपागडे

माहिती छान, पण एक कटू प्रश्न. माझ्या भाच्याला मागच्या वर्षी याच 'हाय फ्लो'वर चार दिवस ठेवलं आणि बिलात मशीनचं भाडं वेगळं, नळीचा सेट वेगळा, पाण्याची पिशवीसुद्धा वेगळी. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. साध्या ऑक्सिजनवर भागलं नसतं कशावरून? खाजगीवाल्यांना नवीन मशीन आलं की ते वसूल करायचं असतं.

मेलबर्नची_मैना

तिरपागडे यांच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर माझ्याच शहराच्या आसपास शोधलं गेलंय. मी इथे लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे (मूळची साताऱ्याची).

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ब्रॉंकिओलायटिसच्या १,४७२ बाळांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. निम्म्यांना पहिल्यापासून हाय फ्लो, निम्म्यांना साधा ऑक्सिजन. उपचार वाढवायची वेळ हाय फ्लोमध्ये १२ टक्क्यांवर आली, साध्यामध्ये २३ टक्क्यांवर. वा, निम्म्यावर! पण तेच वाक्य उलटं वाचा. साध्या ऑक्सिजनवर ठेवलेल्यांपैकी शंभरात ७७ बाळांना आणखी काहीच लागलं नाही. जी १६७ बाळं साध्यावर भागली नाहीत, त्यांना मग हाय फ्लो दिला आणि त्यातली ६१ टक्के तेवढ्यावर सावरली. दोन्ही गटांत हॉस्पिटलातले दिवस सारखेच, आयसीयूत जायचं प्रमाणही सारखंच.

म्हणून प्रत्येक घरघरणाऱ्या बाळाला येता क्षणी हाय फ्लो लावणं मला पटत नाही. इथेही मध्यंतरी तसं फॅड आलं होतं. आधी साधा, त्याने भागेना तर हाय फ्लो. पण निळी_छत्रीच्या बाळाचं वर्णन वाचून (कण्हणं, ७२ श्वास, ८६) मी स्वतः तिथे असते तरी साध्यावर वेळ घालवला नसता.

निळी_छत्री

मैना, धन्यवाद. हे वाचून बरं वाटलं. बिल आमचंही झालं, खोटं कशाला बोलू. पण तिरपागडे, त्या पहाटे माझ्यापुढे बिलाचा कागद असता तरी मी वाचला नसता.

पाना_पकड

मी हॉस्पिटलच्या गॅस पाइपलाइनवर काम करतो. डॉक्टरी कळत नाही, सिलिंडर कळतो. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. करोनात मोठ्या माणसाला ६० लिटरने शंभर टक्के लावायचे, म्हणजे एक जम्बो दोन तासही पुरायचा नाही. आम्ही रात्रभर गाडे ओढायचो. ताईंच्या बाळाला १३ लिटर वारा, त्यात ५० टक्के ऑक्सिजन. उरलेल्या साध्या हवेत २१ टक्के असतोच, त्यामुळे खरा ऑक्सिजन मिनिटाला पावणेपाच-पाच लिटर लागतो. म्हणजे दिवसाला एक जम्बो. एका बाळाला!

ज्या तालुक्याच्या ठिकाणी महिन्याला मोजून सिलिंडर येतात तिथे हे मशीन कुणी देणगी म्हणून दिलं तरी ते कोपऱ्यात उभं राहणार. मी अशी दोन बघितलीत, एकावर टॉवेल वाळत घातला होता.

आणि पिशवीतलं पाणी. निर्जंतुक पाणीच लागतं. नळाचं घातलं तर क्षार बसतात आणि जंतू थेट बाळाच्या छातीत जातात. त्या पिशवीचे पैसे लावले तर ओरडू नका, ती नाही लावली तर ओरडा.

तिरपागडे

पाना_पकड, पिशवीपुरती माघार. :)

आडवाट

सिलिंडरवरून आठवलं. ढाक्याची गोष्ट इथे कुणी सांगितली नाही अजून?

बांगलादेशातले डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती. १९९६ साली सिल्हेटच्या रुग्णालयात इंटर्न म्हणून त्यांची पहिलीच रात्र होती, आणि त्या एका रात्रीत न्यूमोनियाची तीन मुलं त्यांच्यासमोर गेली. पुढे ते मेलबर्नला गेले तेव्हा (मैनाताई, तुमच्याकडे!) त्यांनी बबल सीपॅप बघितला. त्यात बाळ श्वास सोडतं ती नळी पाण्यात बुडवून ठेवतात. पाच सेंटिमीटर बुडवली की पाच सेंटिमीटर पाण्याएवढा दाब, साधं माप. पाण्यातून बुडबुडे येत राहतात. ढाक्याला परतल्यावर त्यांना एक रिकामी शाम्पूची बाटली दिसली, तळाशी थोडे बुडबुडे उरलेली. बस्स. बाटली, पाणी, नळी.

तिथल्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या रुग्णालयात २०११ ते २०१३ या काळात पाच वर्षांखालच्या २२५ मुलांवर रीतसर चाचणी झाली. सगळ्यांना गंभीर न्यूमोनिया, सगळ्यांचा ऑक्सिजन खाली. साध्या प्रॉंग्जवर ६७ पैकी १० दगावली. बाटलीच्या सीपॅपवर ७९ पैकी ३. हाय फ्लोवर ७९ पैकी १०. फरक इतका दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

शाम्पूच्या बाटलीने!

तिरपागडे

घ्या! मी काय म्हणत होतो? बाटलीवर काम होत असेल तर लाखांची मशीनं कशाला? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बाटल्या द्या, विषय संपला.

गोधडी

+१. हे शाळेत शिकवायला हवं. डोळ्यांत पाणी आलं.

रात्रपाळी

विषय संपला असता तर मीच सगळ्यात आधी नाचलो असतो. पण ढाक्याची गोष्ट सांगणाऱ्याने मलावीची पण सांगायला हवी, आणि ती कुणी सांगत नाही, कारण तिच्यात शाम्पूची बाटली नाही.

मलावीतल्या सलिमा नावाच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात हाच प्रश्न विचारला गेला. ६४४ मुलं, एक महिना ते पाच वर्षांखालची, न्यूमोनिया आणि त्यावर आणखी काहीतरी: कुपोषण, एचआयव्ही किंवा ऑक्सिजन कमी. निम्म्यांना बबल सीपॅप, निम्म्यांना साधा ऑक्सिजन. निकाल २०१९ मध्ये आला. साध्या ऑक्सिजनवर ३२१ पैकी ३५ गेली. सीपॅपवर ३२३ पैकी ५३.

सीपॅपवर जास्त. पुन्हा वाचा, मीही तेव्हा दोनदा वाचलं होतं.

उपचाराचं तत्त्व तेच, बुडबुडे तेच. ढाक्यात आयसीयूसारखा वॉर्ड होता, चोवीस तास डॉक्टर हाकेवर. सलिमात साधा वॉर्ड, डॉक्टरची नजर क्वचित, भार सगळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या कर्मचाऱ्यांवर. सीपॅप लावलेल्या बाळाच्या पोटात हवा भरते, ती नळीने काढावी लागते. उलटी झाली तर दूध छातीत जाऊ शकतं. दाबाने फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. नाकाचा पडदा सोलवटतो. नळी सरकली की बाळ थकतंय हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. बाटली हे कुठलंच काम करत नाही.

आमच्या वॉर्डात एका रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते मी इथे लिहिणार नाही, नोकरी करायची आहे. पण माझं मत विचाराल तर कुणी मला 'दहा मशीनं घे किंवा चार सिस्टर घे' म्हटलं तर मी डोळे मिटून सिस्टर घेईन. मशीन विकत घेताना फीत कापता येते, सिस्टर नेमताना कापायला फीत नसते, एवढीच अडचण आहे.

ओसरी

रात्रपाळींच्या प्रतिसादावर हाच अनुभव लिहितो. माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना न्यूमोनिया झाला. तिलाही आधी हाय फ्लो. पहिला तास रडारड, हात बांधावे लागले. मग तिसऱ्या तासाला ती शांत झाली. मॉनिटरवर ९५. मी बायकोला फोन करून सांगितलं, "झोपली एकदाची, आकडा पण छान आहे."

एक केरळच्या सिस्टर होत्या. त्यांनी येऊन आकड्याकडे बघितलंच नाही. चादर बाजूला केली, पोटाकडे बघितलं, तिच्या तळपायावर टिचकी मारली. ती रडली नाही. सिस्टर काही न बोलता झपझप डॉक्टरांना आणायला गेल्या.

झोपली नव्हती. दमली होती. कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी आली होती. ९५ दिसत होते कारण तेव्हा ६० टक्के ऑक्सिजन चालू होता. हे मला नंतर समजावलं. सीपॅपवर एक तास बघितलं आणि मग नळी टाकून व्हेंटिलेटर. पाच दिवस. सहाव्या दिवशी नळी काढली, तेव्हा परत हाय फ्लोवर आणून हळूहळू सोडवलं.

ती आता दुसरीत आहे, बडबड करून डोकं खाते. पण 'शांत झाली' म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला होता, तो क्षण अजून रात्री आठवतो.

रात्रपाळी

ओसरी, तुम्ही जे लिहिलंत ते पाठ्यपुस्तकात इतकं नीट नाही. हाय फ्लो लावल्यावर पहिल्या एक-दोन तासांत नाडी आणि श्वास दोन्ही खाली यायला हवेत. येत नसतील तर थांबून वाट बघायची नाही, पुढची पायरी. त्या सिस्टरांना माझा नमस्कार.

आणि हो, हाय फ्लो हरला म्हणजे मूल हरलं असं नाही. फ्रान्समध्ये सहा महिन्यांखालच्या १४२ बाळांत तुलना झाली, हाय फ्लो निम्म्या बाळांना अपुरा पडला, सीपॅप साधारण एकतृतीयांशांना. पण एकाने भागलं नाही त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्याने सावरलं, नळी टाकायची वेळ थोड्यांवरच आली.

महूफूल

मी नंदुरबारकडे आरोग्य खात्यात आहे. तुमची सगळी चर्चा पीआयसीयूच्या दाराच्या आतली आहे. आमची मुलं त्या दारापर्यंत कशी पोचतात ते लिहिते.

आमच्याकडे आई म्हणते "पोरगं धापलं" किंवा "पोट उडतं". मेळघाटात काम करणारी माझी मैत्रीण सांगते, तिकडे पोट फुगलं, उडायला लागलं की 'डंबा' देतात, म्हणजे तापवलेल्या सळईने पोटावर चटके. आईला रागावून काही होत नाही. तिला जवळ दुसरं काही दिसतच नाही.

आम्ही आशाताईंना शिकवतो ते फार साधं आहे. पोरगं शांत असताना, अंगावरचं कापड वर करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर जोरात चाललाय. छाती आत ओढली जात असेल, दूध सोडलं असेल, तर १०८ ला फोन. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, तान्ह्यांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो.

मोजायचं कसं, हा प्रश्न गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी फार आधी सोडवला होता. मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मणी सरकवायचं साधन केलं, सोबत एक मिनिटाचं रेतीचं घड्याळ. रेती संपेपर्यंत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. गावातल्या माणसांनी निदान करून औषध दिलं आणि त्या भागातले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९० साली लॅन्सेटमध्येच छापून आलं. तुमच्या ढाक्याच्या आधी पंचवीस वर्षं.

माझ्याकडच्या आरोग्य केंद्रात हाय फ्लो नको आहे मला. एक चालू ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, वीज गेली तर भरलेला सिलिंडर, लहान मुलाच्या बोटाला बसेल असा पल्स ऑक्सिमीटर आणि पावसाळ्यात वेळेवर येणारी गाडी. बस.

आडवाट

महूफूल, बंगांचं साधन माझ्या डोक्यातच नव्हतं. थेट ढाक्याला गेलो आणि गडचिरोली राहिली. चूक मान्य.

गोधडी

धुरीबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे अजून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा, शेपा, वावडिंग. नको म्हटलं तर "तुम्ही सगळी अशीच वाढलात."

रात्रपाळी

धूर नको. कुठलाच नको: धुरीचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा, बाबांच्या सिगारेटचा. ब्रॉंकिओलायटिसमध्ये बारीक श्वासनलिका आधीच सुजून चिकटाने भरलेल्या असतात. बाळंतिणीला शेक द्यायचा तर द्या, धूर बाळापर्यंत नको. छातीवर बाम चोळणं, वेखंड फुंकणं पण नको.

आणि नेब्युलायझेशनबद्दल: दमा असलेल्या मोठ्या मुलाला ते जीवदान आहे, पण पाच महिन्यांच्या बाळाच्या ब्रॉंकिओलायटिसमध्ये त्यातल्या सालब्युटामॉल या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. निळी_छत्री, म्हणून तुम्हाला दोनदा फरक दिसला नाही. घरी मशीन विकत घेऊन ठेवू नका. नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं दूध, आणि श्वास मोजणं. आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जोरात असतो, त्या दिवसांत जास्त लक्ष.

निळी_छत्री

किती लिहिलंत सगळ्यांनी! राहिलेलं पुरं करते.

दुसऱ्या दिवशी टक्के ५० वरून ४० वर आले, तिसऱ्या दिवशी ३०. तोपर्यंत दूध तोंडातून नव्हतंच, नळीने द्यायचे. मी दर तीन तासांनी बाजूच्या खोलीत दूध काढायचे. तिथल्या मावशी रिकामी वाटी घेऊन जाताना रोज म्हणायच्या, "आज कालच्यापेक्षा ज्यादा हाय." त्या एका वाक्यावर मी तीन दिवस काढले.

नवरा आकड्यांचा कैदी झाला होता. ९४ आलं की चहा प्यायचा, ९१ आलं की धावत सिस्टरकडे. शेवटी डॉक्टरांनी मॉनिटरची स्क्रीनच आमच्याकडून भिंतीकडे फिरवली. रात्रपाळी, ९१ ला घाबरायचं की नाही?

चौथ्या दिवशी वारा बंद करून साध्या प्रॉंग्जवर आणलं. पाचव्या दिवशी तेही काढलं. सहाव्या दिवशी सुट्टी. गालांवर चिकटपट्टीचे दोन लाल चौकोन होते, आठवडाभर राहिले. मोठी विचारत होती, "बाळाला दोन खिडक्या का काढल्या?"

रात्रपाळी

९१ ला एकट्याला घाबरायचं नाही. मुलांना ऑक्सिजन सुरू करायची रेषा जागतिक आरोग्य संघटना ९० खाली धरते. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या २,०४० मुलांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये आली. एका गटात ८८ ते ९२ पुरे मानलं, दुसऱ्यात ९४ च्या वर ठेवलं. कमी आकड्याच्या गटातली मुलं जराशी सरसच ठरली. तिथे प्रत्येक मुलाजवळ माणूस होता, हे विसरून घरी ८८ ला बसून राहू नका. पण हसत खेळत दूध पिणाऱ्या बाळाचे ९२ हे छानच आहेत. आणि दमून गप्प झालेल्याचे ९५ काय असतात ते ओसरींनी सांगितलंच.

तुमच्या डॉक्टरांनी स्क्रीन फिरवली ते आवडलं. उद्यापासून मीही करणार.

तिरपागडे

रात्रपाळी, मलावीचं वाचल्यापासून गप्प बसून विचार करतोय. बिलाचा राग तसाच आहे, पण राग कुठे काढायचा ते जरा बदललं. जाता जाता एक उपयोगी गोष्ट: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं हॉस्पिटल आणि आजार बसतो का ते भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. सुट्टीच्या दिवशी विचारून काही होत नाही, आम्ही तेच केलं.

निळी_छत्री

तिरपागडे, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढच्या कुणाला तरी कामी येईल.

सासूबाईंना रात्रपाळींचा धुरीवाला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बघते तर शेगडी माळ्यावर.

महूफूल, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, लहान मुलांच्या ऑक्सिमीटरबद्दल विचारायचं होतं. आमच्या ग्रुपमधून दोन-चार देता येतील असं वाटतंय.

मोठी आज बालवाडीतून पुन्हा शिंकत आली. तिला आजीजवळ झोपवलंय, हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही असा हुकूम काढलाय. ती दारातूनच त्याला टाटा करतेय. मी आत्ताच एक मिनिट मोजले. ३८.